लेकीच्या वजनातला कडता

माझी मुलगी जन्मली तेव्हा दोन किलो आठशे ग्रॅम भरली आणि एकविसाव्या दिवशी माझ्या वहीप्रमाणे ती दोन किलो सातशे नव्वद होती. तीन आठवडे दूध पिऊन दहा ग्रॅमची घट!

मी नाशिकच्या मार्केट यार्डातला भाजीचा व्यापारी. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "बाळ तीन आठवड्यांचं झालं, की दाखवायला आणा. वजन वाढलं नसेल, तर वरचं दूध सुरू करू." प्राजक्ताचा, माझ्या बायकोचा, चेहराच उतरला. बाळाला आपलंच दूध पुरावं, एवढीच बिचारीची इच्छा. मी छातीठोकपणे म्हणालो, "अगं, वजन म्हणजे माझं खातं! मी बघतो." (तेव्हाच कुणीतरी माझ्या तोंडावर हात ठेवायला हवा होता.)

दुसऱ्याच दिवशी गाळ्यावरचा इलेक्ट्रॉनिक काटा घरी आणला. टोमॅटोची प्लास्टिकची जाळी तीनदा गरम पाण्याने धुतली, आत गोधडी अंथरली, काटा शून्यावर घेतला. बाळंतपणाला येवल्याहून आलेल्या सासूबाईंनी बाळ जाळीत ठेवलं खरं, पण तोंडाचा पट्टा चालूच. "अगं बाई! नात माझी मार्केटला निघाली काय, जावईबापू?"

पहिले चार दिवस आकडा उतरला. (उतरतोच म्हणे.) मग तो चढायला लागला आणि तिथेच माझ्यातला व्यापारी जागा झाला! आमच्या धंद्यात माल अंदाजापेक्षा जड भरला, की समजायचं, पाणी मारलंय. मग वजनातून कडता कापायचा. ओल्याचा, मातीचा, देठांचा. वीस वर्षांची सवय. बाळ तीस ग्रॅम वाढलं? लंगोट ओला असणार, कापा! पन्नास वाढलं? सासूबाईंनी आत्ताच तेल चोळलंय, कापा! बारशाला चांदीचे वाळे आले, करगोटा आला, तेही कापा!

"अहो, पाजून झाल्यावर वजन करा ना," प्राजक्ता काकुळतीने म्हणाली. केलं. साठ ग्रॅम जास्त! ती आशेने माझ्याकडे बघत होती. मी पेन काढलं.

"हे पोटातलं दूध. अजून अंगी कुठे लागलंय?"

आणि कापलं! ती हमसून हमसून रडली.

सासूबाईंनी अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी असा मारा सुरू केला. "खा गं! लेकराला लागत कसं नाही तुझं?" प्राजक्ता रडत रडत लाडू खायची. मी गाळ्यावर बसून सुस्कारे टाकायचो.

"काय शेठ, भाव पडला काय?" हमाल विचारायचे.

"वजन पडलंय हो!"

गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, जाऊन हातसुद्धा जोडून आलो. आकडा हलेना. हलणार कसा? पेन माझ्याच हातात होतं.

एकविसाव्या दिवशी सासूबाईंना घेऊन आम्ही रिक्षाने दवाखान्यात निघालो. द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये रिक्षा अडकली आणि प्राजक्ता खाली बघत हळूच म्हणाली, "माझ्यातच काहीतरी कमी आहे हो." मी वही उघडून वजाबाकी पुन्हा तपासली.

डॉक्टरीणबाईंनी बाळाचं सगळं उतरवून काट्यावर ठेवलं. "तीन किलो चारशे. वा! झकास!"

"शक्य नाही!" मी ओरडलो. "तुमचा काटा तपासून घ्या, मॅडम!"

त्यांनी पुन्हा वजन केलं. तीन किलो चारशे. मी वही पुढे केली. त्या मोठ्याने वाचू लागल्या, "ओल्याचा दोनशे, तेलाचा शंभर, वाळे-करगोट्याचा नव्वद, दुधाचा ऐंशी... आणि हे 'इतर' एकशे चाळीस म्हणजे काय?"

"म्हणजे... असावेत म्हणून," मी पुटपुटलो.

"शंभर ग्रॅम तेल?" सासूबाई कडाडल्या. "तेवढ्यात माझी भजी तळून होतात!"

डॉक्टरीणबाई हसून हसून बेजार. प्राजक्ता मात्र हसली नाही. "मला वाटत होतं, माझं दूधच..." एवढंच बोलून तिने डोळे पुसले, बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. "धरा. ही तुमची मुलगी."

मी धरलं आणि चाटच पडलो. नुसती जुडी उचलून वजन सांगणारा माणूस मी! पण या तीन आठवड्यांत लेकीला एकदाही उचललं नव्हतं. सासूबाई जाळीत ठेवायच्या, मी आकडा बघायचो. काय म्हणावं या बापाला?

"साडेतीन किलो आहे गं, आरामात!" मी तिला छातीशी धरत म्हणालो.

"तीन किलो चारशे," प्राजक्ता रडता रडता हसली.

वीस वर्षांच्या धंद्यात मी शंभर ग्रॅम जास्त सांगितल्याची ती पहिलीच वेळ.