आर्व्हिलच्या डोळ्यावरची पेनी

डेल्फिया मावशी डाव्या अंगठ्याचं नख कधी कापायची नाही. आमच्या खोऱ्यातल्या बाकीच्या बायका नखं आखूड ठेवायच्या, कणीक मळायला आणि कोंबड्या सोलायला बरं पडतं म्हणून. मावशीचं ते एक नख मात्र गायीच्या शिंगासारखं पिवळट आणि टणक होतं. त्याच्यावर तिचं पोट होतं.

खाली दरीत, टेनेसीच्या आमच्या डोंगरांच्या पायथ्याशी, जस्ताच्या चकत्यांवर तांब्याचा मुलामा चढवणारा कारखाना होता. तिथून त्या टाकसाळीत जायच्या आणि राष्ट्राध्यक्षाचा चेहरा उमटून एका सेंटची पेनी होऊन परत आमच्याच खिशात यायच्या. पूर्वी पेनी बहुतेक तांब्याचीच असे. मग तांबं महागलं आणि आत जस्त आलं. बाहेरून कोणाला कळत नसे. मावशीला कळायचं.

तपासणीच्या पट्ट्याशी मी तिच्या शेजारी अठरा वर्षं बसले. चकत्या पुढून वाहत जायच्या, ऊन पडलेल्या ओढ्यासारख्या, आणि ती मधूनच एखादी उचलायची. जस्त नीट धुतलं गेलं नसेल तर वरचं तांबं चिकटत नाही; खाली काहीतरी कोंडून राहतं आणि फोड येतो. कधी तो मोहरीएवढा असतो, कधी नुसतं टाचणीच्या टोकाएवढं छिद्र. मावशी नख फिरवायची आणि म्हणायची, "हिच्या कातडीखाली श्वास आहे." मग चकती नापास मालाच्या डब्यात टाकायची.

धुण्याच्या टाकीवर तिचाच नवरा होता, आर्व्हिल. उंच, लाल मानेचा, बडबड्या. आपला माल डब्यात गेलेला पाहिला की तो जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर ओरडायचा, "अहो, ऐका! ही बाई घरी माझ्या पावाला नावं ठेवते, चर्चमध्ये माझ्या गाण्याला नावं ठेवते, आणि आता इथंही!"

"पाव कच्चा होता," मावशी मान वर न करता म्हणायची. "आणि चकत्याही."

"तीस वर्षांत एक तरी गोष्ट पास केलीस का माझी?"

"तुला केलं की. तीच चूक पुरे."

सगळे हसायचे. आर्व्हिल सगळ्यात जास्त हसायचा.

शर्टाच्या खिशात तो दोन नव्या पेन्या बाळगायचा, आपण धुतलेल्या खेपेतल्याच आहेत असं शपथेवर सांगायचा. कोणीही भेटलं की काढून दाखवायचा. "मी मेलो की डोळ्यांवर ह्याच ठेवायच्या," तो म्हणायचा. "परक्याच्या हातचं तांबं मला नको."

मी कामाला लागल्यावर सहाव्या वर्षी, जानेवारीत, लाकडं फोडताना, तो बसला आणि उठला नाही.

आमच्याकडे तेव्हा माणसाला घरीच ठेवत असत. जमीन गोठलेली होती, खड्डा खणायला तीन दिवस लागणार होते. आम्ही घड्याळ थांबवलं, आरसा भिंतीकडे वळवला, त्याला पुढच्या खोलीत फळीवर निजवलं. चेहरा काळवंडू नये म्हणून व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं तोंडावर ठेवायचं आणि वाळलं की पुन्हा भिजवायचं, ही आमच्या आज्या-पणज्यांची रीत. फडक्याखाली डोळ्यांवर पेन्या. त्या कशासाठी, ते खोऱ्यातलं पोरही सांगेल. मेलेल्याचा डोळा उघडला तर तो सोबतीला कोणाला न्यायचं ते शोधत असतो, आणि ज्याच्यावर नजर पडेल त्याला वर्षाच्या आत नेतो.

मावशीकडे तिच्या आजीच्या दोन जुन्या पेन्या होत्या, आरपार तांब्याच्या, अकरा माणसांच्या डोळ्यांवर ठेवलेल्या. त्या तिने काढल्या, मग आर्व्हिलच्या खिशाकडे पाहिलं, आणि त्याच्या दोन काढल्या. खिडकीशी नेऊन नख फिरवलं. एकीच्या काठाशी ते किंचित अडलं. मी पाहिलं. कारखान्यात ती डब्यात गेली असती.

"मावशी," मी म्हटलं, "त्या जुन्याच ठेव की."

तिने जुन्या पेन्या माझ्या हातात दिल्या. मग म्हणाली, "आयुष्यभर नाही म्हणत आले गं त्याला. आज एकदा हो म्हणू दे."

अडलेली पेनी तिने डाव्या डोळ्यावर ठेवली.

तिची लेक लीथा केंटकीहून आली होती, आठवा महिना संपत आलेला. याआधी तिची दोन बाळंतपणं वाया गेली होती. तिला फळीच्या डाव्या बाजूला, शेगडीजवळ, ऊब लागेल अशी खुर्ची दिली होती. ती तिथं बसून सुकवलेल्या सफरचंदांचा केक खात होती आणि बापाच्या गोष्टी सांगत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी बर्फावरचा उजेड खिडकीतून आत आला होता. खोलीत आम्ही तिघीच होतो. मी फडकं भिजवायला उचललं आणि काहीतरी टिक् करून फळीवर पडलं.

डावी पेनी निसटली होती. तिचा काठ फुगला होता, भाजल्यावर कातडी फुगते तसा, आणि फोडाच्या फटीतून पांढरा फेस येत होता. टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून तीन दिवस व्हिनेगर आत शिरलं आणि जस्त खात राहिलं. जुन्या तांब्याला या फडक्याने कधी काही झालं नव्हतं. आमच्या आज्यांना हे कुठून ठाऊक असणार? पण मावशीला ठाऊक असायला हवं होतं, आणि मलाही.

आर्व्हिलची पापणी अर्धी वर गेली होती. बुबुळ दुधाळ झालं होतं. ते थेट खुर्चीकडे वळलेलं होतं.

लीथाचा घास तोंडातच राहिला. "आई," ती म्हणाली, "बाबा बघतायत."

मावशी धावली नाही. ती चालत आली, लेकीच्या आणि फळीच्या मध्ये उभी राहिली, वाकली, आणि आपला चेहरा त्या डोळ्यासमोर इतका जवळ नेला की तिचा श्वास त्याच्या गालावर पडत असावा.

"इकडे बघ," ती अगदी घरातल्या आवाजात म्हणाली. "आर्व्हिल, इकडे. पास मी केली होती. तिचा काय संबंध?"

शेगडीत जळकं लाकूड ढासळल्याचा आवाज झाला. मी लीथाला बाहेर काढलं. परत आले तेव्हाही मावशी तशीच वाकलेली होती, डोळ्यात डोळा घालून, पापणी न हलवता. मग तिने हात मागे केला. मी आजीच्या पेन्या त्यावर ठेवल्या.

मार्चमध्ये लीथाला मुलगी झाली, ठणठणीत. नाव ठेवलं ओरा. ती वर्षाची होईपर्यंत मावशी धड झोपली नाही. रोज सकाळी कारखान्यातून केंटकीला फोन लावायची आणि एकच विचारायची, "दोघी उठल्या का?"

त्याच वर्षी सफरचंदं उतरली तेव्हा तिच्या डाव्या डोळ्यात एक ठिपका आला. आधी मोहरीएवढा, मग वाढत गेला. डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू, काढता येईल. मावशीने काढू दिला नाही.

"देणाऱ्याने दिलं, घेणाऱ्याने घेतलं," एवढंच ती मला म्हणाली. "आता त्याला उकरू नकोस, पोरी."

थंडी पडेपर्यंत तो डोळा पूर्ण पांढरा झाला. त्यानंतर बारा वर्षं ती पट्ट्याशी एका डोळ्याने आणि एका नखाने बसली, आणि तिच्या हाताखालून फोड आलेली एकही चकती टाकसाळीत गेली नाही. हे मी पैजेवर सांगते.

ती गेली तेव्हा निजवायला मीच होते. व्हिनेगर आणू दिलं नाही. आजीच्या पेन्या ठेवल्या. मग तिने सांगून ठेवल्याप्रमाणे तपकिरीची डबी उघडली. तिच्यात आर्व्हिलची ती पेनी होती. आत जस्त उरलं नव्हतं. पांढऱ्या भुकटीत तांब्याची नुसती साल पडलेली, वाळल्या पानाइतकी हलकी. ती तिच्या डाव्या मुठीत ठेवून मी बोटं मिटली.

दारात ओरा उभी होती, बारा वर्षांची, आजोबांसारखी उंच.

"मी बघू का आजीला?"

पेन्या जागच्या जागी होत्या. मी दोनदा पाहिलं. तरीही तिला खांद्याला धरून उजव्या बाजूने आत आणलं.