पूजेला बसलेले लॅपटॉप

टीमचे सगळे लॅपटॉप कॉन्फरन्स टेबलावर ओळीने मांडले होते. झाकणांवर चंदन, त्यावर कुंकू, शेजारी चुरमुरे आणि केळी. तमिळ मुलखात, पेरुंगुडीतल्या आमच्या ऑफिसात आयुधपूजा सुट्टीच्या आदल्या दिवशीच उरकतात. एकदा पूजा झाली की विजयादशमीपर्यंत हत्याराला कोणी हात लावत नाही.

तेवढ्यात आमचे डिलिव्हरी हेड मूर्ती सर आले. "क्लायंटला आज दुपारचा डेमो कबूल केलाय."

"सर, आज?"

"मी कॅलेंडर बघितलं. जर्मनीत सुट्टी नाहीये."

मी कपाळाला हात लावला. क्लायंटच्या गोदामात कुठला माल कुठे आहे ते दाखवणारा प्रोग्रॅम आम्ही बनवत होतो. डेमो फसला तर प्रोजेक्ट जाणार आणि माझी टीम बेंचवर. बेंच म्हणजे काम नसलेल्यांची वेटिंग लिस्ट. तिथे फार दिवस बसलं की एचआर गोड आवाजात बोलावून घेतं.

"एकच लॅपटॉप उघडूया?" मी कार्तिकला विचारलं. हा आमचा सर्वात हुशार डेव्हलपर.

"अय्यो मॅडम! वर्षभर हँग होईल."

टेस्टर सेल्वीने तर आपल्या लॅपटॉपवर आणखी एक फूल ठेवलं.

मी कोल्हापूरची. आमच्या घरी पूजा दसऱ्याला, त्यामुळे माझा लॅपटॉप अजून ड्यूटीवर होता. पण तो पडला मॅनेजरचा. एक्सेल आणि पीपीटीपलीकडे त्याने जग पाहिलं नव्हतं. त्याच्यावर प्रोग्रॅम चढवला. स्क्रीन कोरी.

"माझ्या मशीनवर चालतं, मॅडम," कार्तिक म्हणाला.

आमच्या धंद्यातलं हे सर्वात लाडकं वाक्य. ऐकलं की माझं डोकं फिरतं. "मग तुझं मशीन जर्मनीला पाठवू? कुंकवासकट?"

"माझ्याकडेही कालपर्यंत चालत होतं," सेल्वी म्हणाली.

कार्तिकचा चेहरा उतरला. सुरुवातीला 'तात्पुरता' म्हणून त्याने कोडमध्ये स्वतःच्याच लॅपटॉपचा पत्ता लिहिला होता. म्हणजे सगळ्यांचा प्रोग्रॅम माहिती आणायला गुपचूप कार्तिकच्या लॅपटॉपकडे जायचा. कार्तिक कधी रजाच घेत नाही, म्हणून कोणाला पत्ता लागला नाही. आज तो लॅपटॉप बंद होऊन कुंकू लावून बसला होता. माल जर्मनीत, चौकशी पेरुंगुडीत!

खरा सर्व्हर दूर होता, तिथवर कुंकू पोचलं नव्हतं. त्याचा पत्ता घालायचा होता. कीबोर्डला हात लावणारी मी एकटी. बाकी सगळे खुर्चीमागे उभे.

"मॅडम, सेमीकोलन."

"दिलाय!"

"तो कोलन आहे."

एरवी मी यांच्या खुर्चीमागे उभी राहून "झालं का?" विचारते. आता दर मिनिटाला मागून येत होतं, "मुडिंजुदा, मॅडम?" अर्थ तोच. पण इतकं टोचतं हे मला ठाऊक नव्हतं.

डेमो चालला. क्लायंट खूश, प्रोजेक्ट राहिलं. मूर्ती सरांनी 'काटेकोर प्लॅनिंग'बद्दल स्वतःचंच अभिनंदन करणारी मेल पाठवली.

तेव्हापासून प्रत्येक रिलीजआधी टीममधल्या एकेकाने लॅपटॉप बंद करून सक्तीची रजा घ्यायची, असा नियम केलाय. माणूस रजेवर गेल्याशिवाय काम खरंच झालंय की नाही ते कळत नाही. दर वेळी काही ना काही अडतंच. मी रजेवर असले की मात्र सगळं सुरळीत चालतं. हे मूर्ती सरांना अजून कोणी सांगितलेलं नाही.