रेशीम विभागाची पंधरावी मुलगी

आमच्या शेतकी हायस्कुलात प्यो मुनसिक हे रेशीम विभागाचे प्रमुख होते. प्रमुख म्हणायचं एवढंच. विभागात त्यांच्याशिवाय दुसरं माणूस नव्हतं. तुतीची बाग त्यांनीच छाटायची, किड्यांचं संगोपनगृह त्यांनीच धुवायचं, तास त्यांनीच घ्यायचे. मी, उम, शेती-स्थापत्य विभागात जमिनीची मोजणी शिकवायचो. शिक्षकखोलीत आमची टेबलं एकमेकांना लागून होती, त्यामुळे त्यांचं जे काही झालं ते मी अगदी जवळून पाहिलं. त्यात मी काही वेळा गप्पही बसलो, तेही सांगतो.

एके काळी आमच्या खोऱ्यात घराघरात रेशीमकिडे होते. तेव्हा शाळेत रेशीम विभागाच्या तीन तुकड्या होत्या आणि प्रवेशासाठी मुलं रांगा लावायची, असं प्यो सर सांगायचे. मी रुजू झालो तेव्हा एक तुकडी उरली होती. पुढे चिनी कोष स्वस्तात यायला लागले, लोकांनी तुती उपटून सफरचंद आणि द्राक्षं लावली, आणि विभागात वीस मुलं भरताना नाकी नऊ यायला लागले. तरी प्यो सरांचा ताठा कायम होता. पशुपालनवाल्यांच्या अंगाला वास येतो म्हणायचे, स्थापत्यवाले उन्हात दांडे घेऊन फिरतात म्हणून मला चिडवायचे. दुसऱ्यांना नावं ठेवणं हा त्यांचा विरंगुळा होता. त्यात विष नव्हतं.

विष आलं शहाण्णव सालच्या मार्चमध्ये, मिन बाई आल्या तेव्हा.

नव्या मुख्याध्यापकांनी बेकरी विभाग काढला आणि तो चालवायला तेगू शहरातून मिन उनह्येंना आणलं. वय एकोणतीस. हॉटेलात काम केलेलं, हातात दोन-दोन प्रमाणपत्रं, बोलणं मोकळं. त्यांच्या भट्ट्यांना जागा हवी होती. शाळेत रिकामी म्हणावी अशी एकच मोठी खोली होती, ती म्हणजे कोषांपासून धागा काढण्याची. यंत्रं तीन वर्षं कापडाखाली झाकून पडली होती हे खरं. पण प्यो सर दर शनिवारी त्यांना तेल घालायचे, हेही खरं. भट्टी दारातून आत जाईना म्हणून एका बाजूची भिंत फोडली, तेव्हा प्यो सर व्हरांड्यात उभे राहून विटा मोजल्यासारखे बघत होते.

मिन बाई त्यांच्याजवळ गेल्या आणि वाकून म्हणाल्या, "सर, तुमची खोली घेतली. फार वाईट वाटतं मला."

"माझी कसली? शाळेची," प्यो सर म्हणाले आणि तोंड फिरवून निघून गेले.

तिथपासून सगळंच त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागलं. दहा वाजता पाव भाजल्याचा वास शाळाभर पसरायचा आणि माझ्या वर्गातली मुलंसुद्धा खिडकीकडे नाक करायची. प्यो सर खिडकी लावून घ्यायचे. पंधरा मेला, शिक्षकदिनी, मुलं शिक्षकांच्या छातीवर कार्नेशनचं फूल लावतात. मिन बाईंच्या छातीवर जागा उरली नाही, म्हणून मुलींनी उरलेली फुलं पिठाच्या बादलीत ठेवली. प्यो सरांना एकच फूल मिळालं, तेही वर्गप्रमुखाने रीत म्हणून लावलेलं. त्या दिवशी ते मला म्हणाले, "उम, एक सांग. पाव भाजायला शाळा लागते का रे? मागच्या गल्लीतली बाई तिसरी नापास आहे, तीही भाजते."

"मग किडे पाळायला तरी कुठे लागते, सर?" मी सहज बोलून गेलो. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

बाईंचा अपमान करावा असं त्यांच्या हातून काही घडत नव्हतं. ते फक्त आतल्या आत जळायचे. मिन बाईंची एखादी मुलगी स्पर्धेत जिंकली की परीक्षक ओळखीचे असतील म्हणायचे. बाई आजारी पडल्या तर, "हॉटेलातली सवय, मुक्काम थोडाच करणार," म्हणायचे. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुख्याध्यापकांनी पुढच्या वर्षासाठी बेकरीची दुसरी तुकडी मंजूर केली. त्याच बैठकीत त्यांनी रेशीम विभागाला सांगितलं की, येत्या वर्षी पंधरा अर्ज आले तर वर्ग भरेल, नाहीतर नाही. एका दमात दोन्ही वाक्यं. प्यो सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

नोव्हेंबरात आम्ही शिक्षक जोडीजोडीने खोऱ्यातल्या माध्यमिक शाळांत जायचो. नववीच्या मुलांना आणि पालकांना विभागांची माहिती द्यायची, कुठे काय शिकवतात ते सांगायचं, अर्ज भरून घ्यायचे. त्या वर्षी माझी जोडी प्यो सरांशी लागली. वरच्या अंगाच्या शेवटच्या शाळेत आम्ही गेलो तेव्हा त्यांच्या पिशवीत रेशमाचे चौदा अर्ज होते.

तिथे मेंग मिरान नावाची मुलगी वडिलांबरोबर आली. वडील सफरचंदवाले, टोपी हातात धरून गप्प उभे. अर्जावर दोन रकाने असतात, पहिली पसंती आणि दुसरी पसंती. मिरानने पहिल्या रकान्यात पेन्सिलीने 'बेकरी' लिहून आणलं होतं, ठसठशीत अक्षरात.

"बेकरी भरली गं," प्यो सर म्हणाले.

"भरली? यंदा दोन तुकड्या आहेत ना, सर?"

"दोन्ही भरल्या."

मुलीने वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी माहितीपत्रकांची चळत सारखी करत बसलो.

"रेशमात ये," प्यो सर मऊ आवाजात म्हणाले. "मुलं कमी, म्हणजे शिक्षकाचं लक्ष जास्त. तिकडे ऐंशी पोरांत तुला कोण विचारणार? दुसऱ्या रकान्यात बेकरी लिही. कुणी गळलं तर बघू." आणि खोडरबर त्यांनी स्वतःच पुढे केलं.

परतीच्या बसमध्ये मी म्हणालो, "सर, सकाळी ऑफिसात मी यादी पाहिली. बेकरीच्या चार जागा आहेत."

"उद्यापर्यंत भरतील."

"पण आज आहेत."

"तुला तिथे कुणी विचारलं होतं का? नव्हतं ना? मग आता का तोंड उघडतोस?"

त्यांचं बरोबर होतं. मी तिथेच बोलायला हवं होतं. पंधराचा आकडा गाठायचा होता म्हणून ते खोटं बोलले असं कुणीही म्हणेल, आणि तेही होतंच. पण मी त्यांच्या शेजारी बसायचो. ती मुलगी पशुपालन मागायला आली असती तर ते खोटं बोलले नसते. मिन बाईंच्या पदरात पडणारं एक माणूस आपण काढून घेतलं, याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर बस उतरेपर्यंत होता.

बेकरीच्या त्या चार जागा शेवटपर्यंत भरल्या नाहीत.

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये मिरान रेशीम विभागात दाखल झाली. हात चांगला होता तिचा. पानं सारखी चिरायची, आजारी अळी आधी तिला दिसायची. प्यो सर वर्गात तिचं नाव घेऊन इतरांना टोचायचे. मला वाटलं, चला, जमलं.

जूनमध्ये वसंतातले किडे कोष करायला आले. अळ्या खाणं सोडून माना वर करायला लागल्या की त्याच दिवशी त्यांना चंद्रिकांवर, म्हणजे कोष विणायच्या चौकटींवर, ठेवावं लागतं. उशीर चालत नाही. पंधराही जण हजर हवेत. त्या दुपारी चौदाच होते. प्यो सर मिरानला शोधत निघाले आणि मला म्हणाले, "तूही चल, स्टोअरकडे बघ." ती स्टोअरमध्ये नव्हती. ती बेकरीत होती. कोपऱ्यातल्या मोरीवर उभी राहून भट्टीचे ट्रे घासत होती, आणि घासता घासता मान वळवून ओट्यावर पीठ कसं मळतात ते पाहत होती. नंतर कळलं, ते महिनाभर चाललं होतं. ट्रे घासले की मिन बाई तिला अर्धा तास शिकवायच्या.

प्यो सर दारातच ओरडले, "मिन बाई! खोली घेतलीत, ती घेतलीत. आता माझी पोरंही घेणार?"

चाळीस मुलांचे हात थांबले. मिन बाईंच्या कोपरापर्यंत पीठ होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "आज चंद्रिका लावायच्या आहेत हे मला माहीत नव्हतं, सर. नाहीतर मीच पाठवली असती. मिरान, जा बाळ."

"बाळ? बाळ कुणाचं? ती माझ्या विभागाची आहे!"

"हो. तुमच्याच." बाईंनी हात पुसले. "पण सर, आता तुम्हीच विषय काढलात म्हणून विचारते. ती म्हणते, तिने पहिली पसंती बेकरी लिहिली होती आणि तुम्ही सांगितलंत की जागा भरल्या. माझ्याकडे मार्चपर्यंत चार खुर्च्या रिकाम्या होत्या. हे कसं काय झालं?"

मी भिंतीकडे बघत होतो.

तेवढ्यात मिरान म्हणाली, "माझ्याच ऐकण्यात चूक झाली असेल, बाई. सर तसं म्हणाले नसतील."

पंधरा वर्षांची मुलगी, हात साबणात, आणि त्यांना सोडवायला निघाली होती. तिथे माणसाने खाली मान घालावी. पण प्यो सर म्हणाले, "ऐकलंत ना? ऐकण्यात चूक झाली." आणि वळून चालायला लागले. मिरान त्यांच्यामागून धावत आली आणि तिने संध्याकाळपर्यंत एकटीने दोन माणसांचं काम केलं.

आठवडाभर ते डबा घेऊन संगोपनगृहातच जेवायला बसले. आठव्या दिवशी कोष उतरवताना ते मिरानच्या समोर जाऊन बसले. मी वजनकाटा परत मागायला गेलो होतो, म्हणून ऐकलं.

"इथं आवडतं का तुला?"

"आवडतं, सर."

"खरं सांग."

तिने हातातला कोष टोपलीत ठेवला. "किडे आवडतात. पण घरी आई विचारते, आज काय शिकलीस? तर सांगावंसं वाटत नाही. ट्रे घासून गेले की सांगावंसं वाटतं."

ते बराच वेळ कोषांवरचा कचरा निवडत राहिले. मग उठले, हात धुतले आणि मुख्याध्यापकांकडे गेले. नोव्हेंबरात आपण अर्जदाराला खोटी माहिती दिली, असं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं, आणि दुसऱ्या सत्रापासून मुलीला बेकरीत घ्यावं अशी विनंती केली. मुख्याध्यापकांनी कागद दोनदा वाचला.

"मग तुमच्याकडे चौदा राहतील, प्यो सर. पुढच्या वर्षी नवा वर्ग भरायचं कारण मला उरत नाही."

"ठाऊक आहे."

"आणि हे तुमच्या नोंदीत जाईल."

"जाऊ दे."

अर्ज भरून घेताना मी शेजारीच होतो, हे त्यांनी कुठेच लिहिलं नाही. मीही आपणहून सांगितलं नाही.

यानंतर ते निवळले असं कुणाला वाटेल, तर तसं काही झालं नाही. ऑगस्टअखेर मिरान पांढरी टोपी घालून समोरच्या व्हरांड्यातून जाताना दिसली की ते पेन खाली ठेवायचे. एकदा म्हणाले, "मला वाटलं होतं, सोडून दिल्यावर पोटात दुखायचं थांबेल. उलट वाढलंय. ती तिकडे हसते बघ कशी. माझ्याकडे कधी हसली होती का?"

"तुमच्याकडे अळ्या होत्या, सर."

"हसण्यावारी नेऊ नकोस."

मिन बाई मात्र त्यांना भेटल्या की पूर्वीसारख्याच वाकायच्या. त्यामुळे ते अधिकच भडकायचे. भांडली असती तर बरं झालं असतं, म्हणायचे.

अठ्ठ्याण्णवला रेशमाचा नवा वर्ग भरला नाही. प्यो सरांनी पन्नाशी उलटल्यावर दोन उन्हाळी आणि दोन हिवाळी सुट्ट्या विद्यापीठाच्या बाकावर काढल्या, तरुण पोरांच्या शेजारी, आणि बागरचनेचे शिक्षक म्हणून परीक्षा पास झाले. उरलेली चौदा मुलं दोन हजार सालच्या फेब्रुवारीत बाहेर पडली. शाळेच्या दारावरच्या फलकावरून रेशीम विभागाचं नाव उतरलं, आणि त्या रिकाम्या ओळीत बागरचना आली.

तुतीच्या बागेत बेकरीची नवी इमारत होणार होती. जागेची मोजणी माझ्या वर्गाने केली. त्या दिवशी एक मुलगा आजारी होता, तर प्यो सर आपणहून आले आणि तांबडा-पांढरा दांडा धरून खुंटांमध्ये उभे राहिले. मी दुर्बिणीतून पाहत होतो. दांडा रेसभर हलला नाही. दुपारी मात्र जेवायला आले नाहीत.

बागरचनेत त्यांचं बरं चाललं. मुलं यायची, झाडं छाटायला शिकायची. दर डिसेंबरात आपल्या विभागाचे अर्ज मोजून झाले की ते मला विचारायचे, "तिकडे किती?" मी सांगायचो. ते मान हलवायचे.

मिरान शाळा सुटल्यावर तेगूत एका दुकानात लागली. दोन हजार तीनच्या वसंतात ती शाळेत आली, दोन मोठे खोके घेऊन. आधी ती नव्या इमारतीत मिन बाईंकडे गेली. आम्हाला शिक्षकखोलीच्या खिडकीतून दिसत होतं. प्यो सरांनी वह्या तपासायला घेतल्या आणि पानं उलटायला विसरले. मग ती आमच्याकडे आली, वाकली, खोका टेबलावर ठेवला. तुमची पाठ कशी आहे, सर, विचारलं. गावाकडच्या सफरचंदांना कसली तरी कीड लागलीय, वडिलांनी विचारायला सांगितलंय, म्हणाली. प्यो सरांनी औषधाचं नाव कागदावर लिहून दिलं, दोनदा वाचून दाखवलं. ती गेली.

ते खोका न उघडता बसले होते. थोड्या वेळाने म्हणाले, "तिकडे किती वेळ बसली रे?"

"वीस-एक मिनिटं," मी म्हणालो. ती तासभर तरी बसली होती.

"आणि इथे?"

"तेवढीच."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मोजणीच्या मास्तरचा अंदाज इतका चुकत नाही, हे त्यांना कळत होतं. खोका उघडून एक पाव काढला, मोडून वास घेतला आणि चावत म्हणाले, "साखर जास्त झालीय. मिन बाईंचं हे असंच असतं."

मग दुसरा काढून माझ्यापुढे सरकवला आणि वह्या परत ओढून घेतल्या.