बैठकीतला समुद्र आणि लग्नाच्या हॉलचा पंप

वर्धा जिल्ह्यात समुद्र एकच आहे, आणि तो आमच्या बैठकीत आहे.

लांबी चार फूट, खोली दीड फूट, लाटा विजेवर. माझी बायको सुमती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. निवृत्तीनंतर लोक समुद्र बघायला जातात. तिनं तो घरी आणला. पाकिटातलं मीठ मोजून काचेच्या टाकीतल्या पाण्यात कालवलं आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा एक मासा सोडला. मागे हात बांधल्यासारखा तो दिवसभर फेऱ्या मारायचा, म्हणून त्याचं नाव प्राचार्य. मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल होतो. समुद्राच्या बाबतीत माझं काम एकच, पुस्तकातून डोकं वर काढून "वा" म्हणणं.

गेल्या दिवाळीनंतर सुमती गेली. दवाखान्यात तिचं शेवटचं धड वाक्य (मला वाटलं होतं, माझ्याविषयी असेल!) होतं, "प्राचार्यांकडे लक्ष द्या."

दिलं. सकाळी दाणे टाकायचे आणि समोर वाचत बसायचं. टाकीतला पंप गुरगुरायचा. घरात बोलणारं तेवढंच उरलं होतं, म्हणून मीही अधूनमधून "हो का?" म्हणायचो. पुढे ती गुरगुर वाढत गेली. मला वाटलं, ओळख झाली की कुणीही मोकळं बोलू लागतं.

मार्चमधल्या एका सकाळी पंप गप्प झाला. पाण्यावर तवंग धरला आणि प्राचार्य वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. पाणी हललं नाही तर त्यात हवा मिसळत नाही, एवढं ऐकून माहीत होतं. मी वरणाचा डाव आणला आणि समुद्र ढवळू लागलो. दुसऱ्या हातानं हिंगणीला वसंताला, सुमतीच्या धाकट्या भावाला, फोन लावला. शेतकरी माणूस, आयुष्य पंपांत गेलेलं.

"वसंता, पंप बंद पडला."

"किती एचपीचा होता, भाऊजी?"

"आठ वॅटचा."

"आठ वॅटचा त बल्ब असते जी! पाणी किती खोल हाय?"

"दीड फूट."

"मंग पंप काऊन पाहिजे? बादलीनं काढा ना!"

"काढायचं नाही रे, फिरवायचं आहे."

"फिरवून कुठं न्यायचं हाय?"

"कुठंच नाही. तिथल्या तिथंच."

मग तो हळूच म्हणाला, "तुम्ही जेवता ना भाऊजी टायमावर? थांबा, मी येऊन राह्यलो."

तो येईपर्यंत मी ढवळत होतो आणि सुमतीची वही वाचत होतो. एका पानाच्या तळाशी लिहिलं होतं: 'पाणी दोनशे लिटर. तासाला वीसपट फिरावे.' मी हिशेब केला. तासाला चार हजार लिटर! (गणितात मी कच्चा, पण गुणाकार बरोबर होता. पुढे जे झालं त्याला गुणाकार जबाबदार नाही.)

समुद्राचे पंप वर्ध्यात मिळत नाहीत. पण मार्चमध्ये कूलरचे पंप मात्र कुठेही मिळतात. प्राचार्यांसाठी डाव शेजारच्या काकूंच्या हाती सोपवून आम्ही दुकानात गेलो.

"कोणता कूलर हाय?" दुकानदार.

"समुद्र आहे," मी.

"नवीन कंपनी हाय का?"

"तासाला चार हजार लिटर पाहिजे," मी ग्रंथपालाच्या ठामपणानं म्हणालो.

"एवढा त लग्नाच्या हॉलच्या कूलरले लागते, साहेब!"

"द्या तोच," वसंता म्हणाला. "भाऊजींनी वाचून ठेवलं हाय."

घरी येऊन पंप टाकीत ठेवला. वसंतानं सवयीनं हात जोडले (विहिरीवर नवा पंप बसवताना जोडतात तसे) आणि बटण दाबलं.

समुद्र उठला! झोत समोरच्या काचेवर आदळून सरळ वर गेला, छताला लागून खाली आला. वाळू उडाली. काकू डावासकट स्वयंपाकघरात पळाल्या. पुस्तकांचं कपाट भिजलं, वसंता भिजला, भिंतीवरचा सुमतीचा फोटो हारासकट भिजला.

"बंद कर!"

"कराले गेलो त हात ओला हाय जी!"

मी शाल गुंडाळून पिन उपसली. पाणी गढूळ. प्राचार्य दिसेनात. दोन म्हातारे गुडघ्यांवर रांगत फरशीवर मासा शोधू लागले. सोफ्याखाली नाही, वसंताच्या चपलेत नाही. एकच गोष्ट तिनं सांगितली होती. एकच!

"भाऊजी," वसंता फोटो पुसत म्हणाला, "ताई आपल्यालेच पाहून हासून राह्यली."

वाळू खाली बसली तेव्हा प्राचार्य दिसले. बंद पडलेल्या जुन्या पंपाच्या आडोशाला दडून, अत्यंत नापसंतीनं आमच्याकडे बघत होते. मी फरशीवरच बसलो आणि काही वेळ चष्मा पुसत राहिलो. तो कोरडा होता.

वसंतानं जुना पंप बाहेर काढला. "जाळी धुतलती का?"

"कसली जाळी?"

"पंप बंद पडला की पह्यले जाळी पाहा लागते. हे त पोट्टंही सांगते!"

जाळीवर शेवाळ आणि मिठाचा बोटभर थर होता. त्यानं जाळी लिंबाच्या पाण्यात बुडवली, जुन्या ब्रशनं घासली आणि पंप परत लावला. पाणी फिरू लागलं. अगदी मुकाट्यानं. म्हणजे इतके महिने मी ज्याच्याशी गप्पा मारत होतो, ती कचऱ्याची घरघर होती.

वसंता गेल्यावर भिजलेली ती वही घरच्या कूलरसमोर (त्याचा पंप बंद ठेवून) वाळत ठेवताना मी पान उलटलं. चाळीस वर्षं ग्रंथालयात काढली, पण त्या सकाळी पान उलटायचं सुचलं नव्हतं. मागे लिहिलं होतं: 'हे प्रवाळ असल्यास. आपल्याकडे प्रवाळ नाही. प्राचार्यांना पाचपट पुरे.' आणि खाली, लाल शाईत: 'पंप दर महिन्याला धुणे. ह्यांना सांगून ठेवणे.'

पुढे बरोबरची खूणही होती. म्हणजे सांगितलं होतं.

मी "वा" म्हणालो असणार.