पेटीतात्या आणि दुसरी मूर्ती

पेटीतात्यांना जगाची बातमी नेहमी चार महिन्यांनी कळायची. पेणला आमच्या गणपतीच्या कारखान्यात परदेशी जाणाऱ्या मूर्तींच्या पेट्या ते बांधत. गुंडाळायला रद्दी लागे आणि रद्दीतला प्रत्येक कागद तात्या आधी सावकाश वाचत, मगच तो गणपतीच्या हाताला नाहीतर सोंडेला लपेटत. त्यामुळे एखादा मंत्री खुर्चीवरून उतरून घरी बसलेला असे, तरी तात्या अजून त्याच्यावर चिडलेले असत. आम्ही हसलो की म्हणत, "हसा, हसा. ताजी बातमी बडबडते लय. जुनी झाली का खरा काय ता सांगते."

मी बी.कॉम. झाले आणि त्या कारखान्यात इंग्रजी पत्रव्यवहाराला लागले. परदेशचे कागद भरणं, पत्रं लिहिणं, फोन घेणं ही माझी कामं. कागदावर गणपतीला 'मातीची शोभेची वस्तू' असं लिहावं लागे. ते तात्यांना कळलं तेव्हा दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पेटीवर खिळे ठोकण्याआधी त्यांनी आतल्या मूर्तीला हात जोडले आणि मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "दोन महिने वस्तू हो बाबा. उतरलास का पुन्ना देव." तेव्हापासून प्रत्येक पेटीला ते हे सांगत आणि मगच हातोडी उचलत.

तात्या खाडीकाठचे, मिठागरावर वाढलेले. तरुणपणी एकदा मीठ उचलायच्या आदल्या दिवशी अवकाळी पाऊस आला आणि सगळा हंगाम डोळ्यांदेखत पाण्यात विरघळला. ती गोष्ट त्यांनी मला शंभरदा तरी सांगितली असेल. "मीठ आगरात हाय तवर पान्याचा. घरात आला का आपला," हे त्या गोष्टीचं शेवटचं वाक्य. पेट्यांच्या बाबतीतही त्यांचा हाच हिशेब. पेटी बोटीत चढली म्हणजे पोचली, असं ते कधीच मानत नसत. कुठे गोदीत संप, कुठे बंदराला टाळं, कुठे रातोरात पैशाचा भाव पडून घेणाराच गायब. हे सगळं त्यांनी रद्दीत वाचलेलं असे.

म्हणून त्यांची ती दुसरी मूर्ती. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक गणपतीमागे तात्या तशाच साच्यातला आणखी एक गणपती कोपऱ्यात ठेवून द्यायचे. पाठीला चिठ्ठी, तिच्यावर पेन्सिलीने नाव आणि गाव. रंग झालेला, पण डोळ्यांची आखणी केलेली नाही. तिकडून 'मूर्ती पोचली' असं पत्र आलं आणि मी ते वाचून दाखवलं, की मगच चिठ्ठी निघे आणि ती मूर्ती विक्रीला जाई. मालक वैतागायचे. "तात्या, अडली जागा तुमच्या त्या दुसऱ्यांनी," म्हणायचे. मलाही हा म्हातारपणीचा हट्ट वाटे. तो कशासाठी होता, हे मला नव्वद साली कळलं.

रोह्याशेजारच्या वरश्याच्या एक काकू होत्या. नवरा नाही, एकुलता एक मुलगा कुवेतला नोकरीला. त्यांच्या घरचा गणपती मुलाबरोबर तिकडे गेलेला, म्हणजे दरवर्षी आमच्याकडून पेटीतून दुबईला जाई आणि तिथून कुणीतरी कुवेतला पोचवी. त्या वर्षी पेटी निघायला उशीर झाला. ती दुबईला उतरली आणि चतुर्थी तीन आठवड्यांवर असताना इराकने कुवेत घेतला. पेटी तिथेच अडकली. मुलगा, सून, दोन नाती कुवेतमध्ये. फोन लागेना.

वरश्याला काकूंच्या घरी फोन नव्हता. मुलाकडे नंबर होता तो आमच्या कारखान्याचा. त्यामुळे काकू दोन दिवसांआड रोह्याहून गाडीने पेणला येत आणि माझ्या टेबलाशेजारी स्टुलावर बसून राहत. नजर फोनकडे. फोन वाजला की मला तो उचलायची भीती वाटायची.

आणि तात्यांनी काय केलं? आयुष्यात पहिल्यांदा ताजा पेपर विकत घेतला. रोज सकाळी एसटी स्टँडवर जाऊन पेपर आणायचे, उभ्याउभ्या पहिलं पान वाचायचे आणि घडी घालून फळीवर ठेवायचे. मी घरून शाळेतला नकाशा आणला. "जॉर्डन कुठं आला गो बाय?" मी दाखवलं. हिंदुस्थानची माणसं वाळवंटातून तिथवर येतायत आणि तिथून विमानं त्यांना आणतायत, असं छापून आलं होतं. तात्यांनी पेट्या बांधायची सुतळी नकाशावर धरली, कुवेतपासून जॉर्डनपर्यंत. मग तीच सुतळी पेणपासून मुंबईकडे लावून बघितली, तर मुंबई केव्हाच मागे पडली.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी तात्या काकूंना म्हणाले, "तुमची दुसरी हाय कोपऱ्यात. डोळं काढून देतो. घेऊन जा." काकूंनी मान हलवली. "पोरा नाय घरात. देवाला एकट्याला बसवून काय करू?" आणि त्या संध्याकाळच्या गाडीने रिकाम्या हाताने वरश्याला गेल्या.

तासाभरात मुंबईचे एक गृहस्थ मोटार घेऊन कारखान्यात शिरले. आमच्याकडून गावाकडच्या घरी नेताना त्यांची मूर्ती वडखळच्या खड्ड्यांत दुखावली होती. आता त्या मापाची दुसरी एकही शिल्लक नव्हती, कोपऱ्यातली सोडून. म्हणाल ते देतो, म्हणाले. मालकांनी रंगाऱ्याला हाक मारली, अर्ध्या तासात डोळे काढ म्हणून. तात्या उठले आणि मूर्तीसमोर जाऊन उभे राहिले.

"ती कुवेतची हाय."

मालक म्हणाले, "अहो तात्या, कुवेत राहिलाय कुठे?"

"कुवेत नसल. मानसा हायत. चिठ्ठी काढलीत तर उद्यापासून पेट्या दुसऱ्या कुनाकडून बांधून घ्या."

आज कबूल करते, मनातून मी मालकांच्या बाजूची होते. काकूंनी स्वतःच नको म्हटलेली मूर्ती अडवून धरण्यात काय अर्थ, असं मला वाटत होतं. शेवटी मालक पुटपुटत आत गेले. तात्यांनी त्या गृहस्थांना एक लहान मूर्ती स्वतः निवडून दिली, मोटारीत पेंढ्यावर नीट बसवून दिली आणि वडखळपर्यंत हळू जायला बजावलं.

दीड दिवसाचे गेले, गौरीबरोबरचे गेले, अनंत चतुर्दशी झाली. कारखान्यात झाडलोट सुरू झाली आणि कोपऱ्यात ती एकच मूर्ती, डोळ्यांविना. काकू यायच्या, तिच्याकडे न बघता स्टुलावर बसायच्या.

मग एका सकाळी फोन वाजला. काकू त्या दिवशी आल्या नव्हत्या. पलीकडे खूप आवाज होता, विमानतळावरचा. "आम्ही उतरलो. चौघंही. आईला सांगाल का?" मी 'हो' म्हणाले की नुसतीच रडले, आठवत नाही. तात्या हातातली सुतळी टाकून आधी रंगाऱ्याकडे गेले. "डोळं काढ. परवा साखरचौथ हाय." आणि मग अंगात सदरा चढवून, मिळेल त्या गाडीने वरश्याला काकूंना सांगायला गेले.

आमच्याकडे चतुर्थीला ज्यांचा गणपती राहून जातो ते वद्य चतुर्थीला साखरचौथीचा आणतात. हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण त्या दिवसासारखं कधी कळलं नव्हतं. तात्यांनी मूर्तीला ना पेटी केली, ना पेंढा लावला. तोंडावर नवा रुमाल टाकला आणि रोह्यापर्यंत मांडीवर घेऊन बसले. मी बरोबर होते. म्हटलं, "तात्या, जरा माझ्याकडे द्या." तर म्हणाले, "नको गो. एवढ्या वर्षात पयल्यांदा पोचवायला चाललोय."

वरश्याला दारात तो मुलगा उभा होता, दाढी वाढलेली, अंगातला शर्ट कुणीतरी दिलेला. घर, सामान, बँकेतले पैसे, सगळं तिकडे टाकून आलेला. तात्यांनी मूर्ती त्याच्या हातात दिली. तो म्हणाला, "पण आमची तर दुबईला अडकली ना?" काकूंनी डोळ्याला पदर लावला. "हीच आपली," म्हणाल्या. तात्या मोदक खायलाही थांबेनात. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून त्यांनी डोळे पुसले आणि मला दटावलं, "बघतेस काय? कोळसा गेला." गाडी डिझेलची होती.

त्या महिन्याभराच्या ताज्या पेपरांचा गठ्ठा फळीवर तसाच होता. पुढच्या हंगामात रद्दी कमी पडली तेव्हा मी तो काढायला गेले. तात्यांनी हात धरला. "त्यात देव नाय गुंडाळायचा." त्यांनी तो भंगारवाल्याला दिला.

पेट्या जात राहिल्या. सुरतेत प्लेग झाला, त्याच्या पुढच्या वर्षी एका देशाने कळवलं की पेंढ्यात बांधलेला माल घेणार नाही. "रोग सुरतेला, आनि इंजेक्शन माझ्या पेंढ्याला!" असं म्हणत तात्या कागदाच्या कातरणांत पेट्या भरायला शिकले. मी एव्हाना लग्न होऊन पनवेलला जायच्या बेतात होते. निरोप घेताना थट्टेने विचारलं, "आता माझी पण दुसरी ठेवाल ना कोपऱ्यात?" तात्या खो खो हसले. "तुजी कशाला? पनवेल काय परदेस हाय? सकाळी निघालीस तर जेवायला हितं."

मग दर श्रावणात मी पेणला जाऊन मूर्ती आणायची. तात्या मला ती कधी बांधून देत नसत, रुमाल टाकून हातात द्यायचे आणि घरी पोचले की फोन करायला बजावायचे. तिसऱ्या वर्षी ज्येष्ठात ते गेले. मला कळलं ते दहाव्यानंतर. त्या श्रावणात गेले तेव्हा कारखान्यात थर्माकोलचे ढीग होते आणि पेट्या बांधणारा नवा माणूस रद्दी न वाचता गुंडाळत होता. मालक मला कोपऱ्यात घेऊन गेले. म्हणाले, "हिचं काय करू, तूच सांग. दरवर्षी तू नीट पोचल्याचा फोन केलास की तात्या चिठ्ठी काढायचे आणि मगच मूर्ती विकायचे. यंदाची आधीच ठेवून गेले, ती तेवढी राहिली."

शाडूची लहान मूर्ती होती, डोळ्यांविना. पाठीला चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेली: 'आपली बाय. पनवेल.'

मी रंगाऱ्याला हाक मारली. त्या वर्षी माझ्या घरी दुसरीच बसली.