मोतिया साडीवरचा केळीचा डाग

माझ्या सासरी ओसरीच्या भिंतीला खुंट्यांची एक रांग होती. प्रत्येक खुंटीवर एकेकाचे कपडे. सासऱ्यांचे, दिरांचे, आमच्या ह्यांचे, आणि एका टोकाला सासूबाईंचं एक लुगडं. बघवत नव्हते ते कपडे. तपकिरी, काळे, चट्ट्याचट्ट्यांचे. मी धुळ्याची. शहरातली, त्यात मॅट्रिकला गृहशास्त्रात पहिली आलेली. लग्न होऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच मी एका दुपारी ते सगळे कपडे खुंटीवरून काढले आणि मोरीत घेऊन बसले. साबण अर्धा झिजला, कोपरं सोलवटली. डाग होते तिथेच.

सासूबाई झोपून उठल्या, दारात उभ्या राहून बघत राहिल्या. त्यांना सगळं गाव अक्का म्हणायचं, म्हणून मीही अक्काच म्हणायचे.

"काय करू ऱ्हायली वं पोरी?"

"धुतेय, अक्का. फार मळले होते."

अक्का हसल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "धुय, धुय. हात मोकये होतात."

त्या केळीच्या कपड्यांबद्दल मला कुणी काही सांगितलं नव्हतं. सासर सावद्याकडचं, जळगावच्या केळीच्या पट्ट्यातलं; तिथल्या माणसाला ते सांगावं लागतं हेच मुळी माहीत नसतं. केळीच्या मळ्यात जायचं तर खुंटीवरचे कपडे घालायचे, आलं की परत खुंटीवर. चप्पल पायात घालायची असते हे कुणी नव्या सुनेला सांगतं का? तसंच ते.

आता मूळ गोष्टीवर येते. सासरी निघताना मी आईची एक साडी मागून घेतली होती. मोतिया रंगाची, सुती, जांभळ्या काठांची. आईच्या अंगावर ती इतकी वर्षं बघितली होती, की ती पेटीत असली म्हणजे आई थोडी बरोबर आली असं मला वाटत होतं. आईने ती दिली, पण कायमची नाही. आमच्याकडे घरात अहिराणी. आई म्हणाली, "हाई नेस, पन आखाजीले परत लई ये."

खानदेशातल्या पोरीला आखाजी म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. अक्षय्य तृतीयेला सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि त्या दिवसापासून घरात आमरस सुरू होतो. माझी तर लग्नानंतरची पहिलीच आखाजी. मी फाल्गुनापासून दिवस मोजत होते. संध्याकाळी दिवा लावताना धुळ्याला आईनेही आत्ताच लावला असेल असं मनात यायचं. अशा वेळी ती साडी पेटीतून काढून नुसती मांडीवर घेऊन बसायचे.

आखाजीला तीन आठवडे राहिले असतील. केळी कापणीला आली होती. आमचे हे सकाळी म्हणाले, "चल, मळा बघून येऊ." नवरा पहिल्यांदा कुठे चल म्हणाला, तर बायको काय खुंटीवरचं लुगडं नेसून जाईल? मी मोतिया साडी नेसले. अक्का देवळात गेल्या होत्या, नाहीतर मला दारातच अडवलं असतं.

मळ्यात गारवा होता. घड कापला की दांड्यातून पाणी ठिबकतं, अगदी स्वच्छ, काचेसारखं. चैत्राच्या उन्हात हातावर पडलं तर बरं वाटत होतं. मी हौसेने एक घड धरला, दुसरा धरला, आणि ओले हात पदराला पुसले. एकदा नाही, चांगले चार-पाच वेळा. घरी आले तेव्हा पदरावर पिवळट छटा होती. धूळ असेल म्हटलं. गृहशास्त्रात पहिली आलेल्या मुलीने मग गरम पाणी घेतलं, त्यात मूठभर धुण्याचा सोडा घातला आणि पदर त्यात रात्रभर बुडवून ठेवला.

सकाळी पदराला कडक चहाचा रंग. दोन दिवसांनी तो काळपट झाला.

मी साडी उशीखाली लपवली. दुपारी अक्का उशा उन्हात घालायला घेऊन जात होत्या, तेव्हा सापडली. त्यांनी पदर उलगडून बघितला, नखाने खरवडला.

"केयीचा चीक हाये हा. कशात धुतलं?"

"गरम पाण्यात. सोडा घालून."

"अवं माय! सोड्यानं तर रंग पक्का केला तू. रंगाऱ्याले नसता जमला असा." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "कोनाची हाये साडी?"

"आईची." एवढं बोलले आणि मी ओसरीवरच रडायला लागले. साडीसाठी रडतेय असं मला वाटत होतं. आईकडे जायचं ते तिची साडी नासवून, हे मनातून जात नव्हतं. आता ती काय म्हणेल, पोर चार महिन्यांत इतकी बेफिकीर झाली? आखाजीचं सगळं सुख त्या पदरात काळं पडलं होतं.

अक्कांनी मला रडू दिलं. मग परसात गेल्या आणि चार लिंबं तोडून आणली.

डागांच्या बाबतीत अक्कांचं एक शास्त्र होतं. हळदीचा डाग उन्हाला द्यायचा, ऊन तो आपसूक खातं. आमरसाचा डाग आंबट ताकाला, घामाचा रिठ्याला. केळीच्या डागाला मात्र त्यांच्याकडेही औषध नव्हतं, असतं तर खुंट्यांवरचे कपडे तसे राहिलेच नसते. ते मला पुढे कळलं. त्या दिवशी त्या मला तसं बोलल्या नाहीत.

रोज सकाळची कामं उरकली की आम्ही दोघी कडुलिंबाखाली बाज टाकून बसायचो. त्या लिंबू कापून मिठात बुडवायच्या आणि डागावर हळू घासायच्या, गोल गोल, बाळाची टाळू भरावी तशा. मग पदर उन्हात. दुपारी ताकात भिजवायचा. संध्याकाळी रिठ्याच्या फेसात धुवायचा. आणि हे चालू असताना बोलणं. त्यांची पहिली आखाजी, त्यांना न्यायला आलेला बैलगाडीतला भाऊ, त्यांची आई. त्यांची आई त्यांना फार वर्षं लाभली नव्हती. मीही बोलायचे. त्या घरात मी पहिल्यांदा मोकळेपणाने बोलले ती त्या बाजेवर.

अंगणात पापड वाळत घालणाऱ्या शेजारणी चिडवायच्या. "अक्का, सुनेचा पदर घासता की सुनेले?"

"तुमी तुमचे पापड पाहा, कावये नेतीन," अक्का मान वर न करता म्हणायच्या.

डाग उतरत गेला. कडक चहाचा दुधाळ चहा झाला, मग नको त्या पाहुण्याला देतात तसा फिका. पण तिथेच थांबला. वर घासून घासून आजूबाजूचा मोतिया रंग पांढरा पडला, त्यामुळे डाग आता चौकट करून टांगल्यासारखा दिसायला लागला.

मोठा भाऊ मुराळी म्हणून न्यायला आला. एस.टी.त जळगाव येईपर्यंत मी आईला काय सांगायचं ते पाठ केलं, धुळं येईपर्यंत सगळं विसरले.

घरी पोचल्यावर पाणीही न पिता पिशवी उघडली आणि पदर आईसमोर धरला.

"हाऊ डाग कशाना शे?" आई म्हणाली.

"केळीना."

ती साडी घेऊन आत गेली. मला वाटलं, संपलं. आणि आखाजीच्या दिवशी बघते तर आई तीच साडी नेसून झोक्यापाशी उभी. डागाचा पदर पुढे घेतलेला. शेजारणीने विचारायची खोटी, की आई म्हणायची, "मनी पोरना घर बठ्ठी केळीच केळी शे! सांडी ऱ्हायनी केळी!" पोरीच्या घरी केळी ओसंडून चाललीय हे ऐकत मी झोक्यावर तोंड लपवून बसले. गल्लीतल्या प्रत्येकीला तो डाग दाखवून झाला. एकीने तर हात लावून बघितला.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आई ती साडी घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, हा एवढा तरी कसा उतरवला ते सांग. मी सांगितलं, लिंबू, मीठ, ऊन, ताक, रिठा.

"तसं नही. पहिलेपाईन सांग. लिंबू कोनी कापं?"

"अक्कासनी."

"तू कोठे बसेल व्हती?"

"त्यासना जोडे. बाजवर."

"सावलीमा का उनमा?"

"सावलीमा."

"जेवनी व्हती का तू तवय?"

मी सांगत गेले. कोण आधी उठायचं, ताक कुणी घुसळायचं, हात आंबले की अक्का काय म्हणायच्या. आई मधेच थांबवून परत विचारायची. चार महिन्यांच्या माझ्या पत्रांत "मी मजेत आहे" याखेरीज काही नव्हतं, आणि ते वाक्य तिने कधी खरं धरलं नसावं. आज पन्नाशी उलटली, घरातल्या पोरींना मी डाग काढायची कृती सांगते तेव्हा त्या मोबाइलवर लिहून घेतात, किती लिंबं, किती मीठ. कुठे बसला होतात, हे कुणी विचारत नाही. तसं विचारणारी एकच होती.

"आनि रडनी व्हती का?" आईने शेवटी विचारलं.

"एकच दिन."

"मंग त्या काय बोलन्यात?"

"काहीच नही. लिंबं तोडाले गयात."

आई बराच वेळ पदरावरून हात फिरवत राहिली. मग साडीची घडी घातली आणि मला म्हणाली, चल, रस काढायचाय, आंबे पाण्यात घाल.