फ्रिजमधलं दही

आज इथे टाकानिनीतल्या घरी विरजण लावताना तो उंच अमेरिकन खेळाडू आठवला. आम्ही पूर्वी या देशातल्याच एका लहान शहरात होतो तेव्हा तिथल्या बास्केटबॉल क्लबने नुकतेच पगारी खेळाडू आणले होते आणि हा सीझनभर आमच्याकडे राहायला होता. पहिल्या मॅचला निघताना मी शुभ म्हणून त्याच्या तळहातावर दही ठेवलं, तर त्याने ते दोन्ही हातांना चोळलं. मुलगा म्हणाला, "आई, आता बॉल निसटणार." पुढे दर मॅचला तो दाराशी वाकून हात पुढे करायचा, "आई, दही." टीम बहुतेक हरायचीच. सीझन संपल्यावर कायमचा निघाला, तेव्हाही हात पुढे केला. "संपलं," मी म्हटलं. फ्रिजमध्ये पातेलंभर होतं. मला त्याला पाठवायचंच नव्हतं. तो तसाच गेला. आता वाटतं, चमचाभर द्यायला हवं होतं.